आठवड्यांचा हिशेब

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या बहुतेक कापड गिरण्या संपामुळे बंद होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात एक विधेयक चर्चेला आलं. गिरणीत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाच्या काळात घरी बसून काही पैसे मिळावेत, असं ते विधेयक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू उचलून धरली आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. पण गिरणगावातल्या गरोदर बायकांचं एक दुखणं कायद्याने सुटणारं नव्हतं. सहाव्या-सातव्या महिन्यापासून त्या पांढऱ्याफटक पडत, धाप लागे, पाय सुजत आणि त्यातल्या कित्येक बाळंतपणाच्या आगेमागे दगावत. या आजाराचा छडा लावण्यासाठी लूसी विल्स नावाच्या चाळीस वर्षांच्या इंग्रज डॉक्टर त्याच वर्षी परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाल्या.

विल्स यांच्या कामाचा कॅन्सरशी काडीचा संबंध नव्हता. पण गरोदर बाईला कॅन्सर झाला तर काय करायचं, या प्रश्नाचा गेल्या शतकातला इतिहास उलगडू लागलं की धागा परळपर्यंत जातो.

प्लेगच्या लशीमुळे नावारूपाला आलेली हाफकिन संस्था जुन्या गव्हर्नमेंट हाऊसच्या इमारतीत होती. मुंबईतल्या बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फर करत होत्या आणि विल्स यांचं काम त्या चौकशीचाच भाग होतं. त्यांनी या बायकांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. अशा मोठ्या पेशींचा एक जीवघेणा पंडुरोग युरोप-अमेरिकेत माहीत होता आणि १९२६ पासून त्यावर लिव्हर खायला देण्याचा उपाय निघाला होता. लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क तर रामबाण समजला जाई. हा शुद्ध अर्क मुंबईच्या बायकांना मात्र लागू पडेना. म्हणजे इथे कमतरता वेगळ्याच कशाची तरी होती.

विल्स आणि त्यांचे सहकारी एम. एम. मेहता यांनी आहाराकडे मोर्चा वळवला. कोण काय खातं, भाजी किती, दूध किती, याची नोंद घेतली. उंदरांना आणि पुढे माकडांना तसाच निकस आहार देऊन पाहिला. अखेर गुण आला तो मार्माइटने. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून बनवलेला हा काळपट, खारट, चिकट लगदा इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो पोटात गेल्यावर काही दिवसांतच या बायकांची भूक परत येई आणि रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागत. १९३१ मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. यीस्टमधल्या त्या अनोळखी घटकाला बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालकाचा रस आटवून तोच घटक चिमूटभर वेगळा काढला, आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं.

प्रयोगशाळेत तो बनवण्याचं काम न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली कंपनीत झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमावरमला जन्मलेले, मद्रासला वैद्यकी शिकलेले, १९२३ मध्ये हार्वर्डला गेलेले आणि पुन्हा मायदेशी न परतलेले. त्यांच्या हाताखालच्या रसायनशास्त्रज्ञांनी फोलिक ॲसिड तयार केलं आणि पाठोपाठ त्याच्यासारखे दिसणारे पण काम न करणारे रेणूही घडवले. पेशीला दोन व्हायचं असेल तर आधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत करावी लागते आणि त्यासाठी फोलिक ॲसिड लागतं. हा नकली रेणू कुलपात मोडून अडकलेल्या किल्लीसारखा वागतो. स्वतः फिरत नाही आणि खऱ्या किल्लीलाही आत शिरू देत नाही. पेशीचं विभाजन जागच्या जागी थांबतं.

आता शरीरात सतत विभाजन चालू असणाऱ्या पेशी कोणत्या? अस्थिमज्जेतल्या, कॅन्सरच्या, आणि गर्भाच्या. पुढचा सगळा गुंता या तिघांच्या साम्यातून झाला.

बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या डिसेंबरात सुब्बाराव यांच्याकडून आलेलं ॲमिनोप्टेरिन हे फोलिक-विरोधी औषध रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना द्यायला सुरुवात केली. १६ पैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. १९४८ च्या जूनमध्ये ही बातमी छापून आली आणि केमोथेरपीच्या युगाची ती एक सुरुवात ठरली. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, वारले.

जे औषध विभाजन थांबवतं ते गर्भही थांबवेल, हा तर्क सुचायला वेळ लागला नाही. १९५२ मध्ये जॉन थिअर्श या अमेरिकी डॉक्टरांनी वैद्यकीय कारणासाठी गर्भपात ठरलेल्या काही स्त्रियांना ॲमिनोप्टेरिन दिलं. बहुतेकींचा गर्भ आतच संपला. पण सगळ्यांचा नाही. जे गर्भ टिकले त्यांपैकी काहींच्या डोक्याच्या कवटीत, चेहऱ्यात, हातापायांत व्यंगं होती. पुढे हेच औषध घेऊन गर्भ पाडण्याचे घरगुती प्रयत्न फसले, तेव्हा तशीच व्यंगं असलेली बाळं जन्मली. कॅन्सरवरच्या औषधाने पोटातल्या बाळाचं काय होतं, याचा वैद्यकाला मिळालेला हा पहिला ठळक पुरावा होता आणि तो खरा होता. फक्त तो एका जातीच्या औषधाबद्दलचा आणि गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांबद्दलचा होता. भीती बसली ती मात्र सगळ्या औषधांबद्दल आणि नऊही महिन्यांबद्दल.

त्याच सुमारास त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाने एक आश्चर्य घडवलं. वारेच्या पेशींपासूनच उद्भवणारा एक कॅन्सर असतो, कोरिओकार्सिनोमा. बहुधा द्राक्षगर्भानंतर (गर्भाऐवजी द्राक्षाच्या घोसासारखी वार वाढते तेव्हा), कधी गर्भपातानंतर, कधी अगदी सुखरूप बाळंतपणानंतरही तो उपटतो. फुप्फुसात, मेंदूत पसरतो आणि जिथे जातो तिथे रक्तस्राव करतो. पसरलेला कोरिओकार्सिनोमा म्हणजे तेव्हा वर्षभरात मृत्यू, असंच गणित होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉय हर्ट्झ यांनी पूर्वी कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून पाहिलं होतं की फोलिक ॲसिड नसेल तर स्त्री-संप्रेरक देऊनही अंडनलिका वाढत नाही. म्हणजे गर्भधारणेशी जोडलेल्या ऊतींना या जीवनसत्त्वाची भूक फार, हे त्यांना ठाऊक होतं. मूळचे चीनचे मिन चिउ ली हे तरुण डॉक्टर १९५५ मध्ये त्यांच्या विभागात रुजू झाले. मेथोट्रेक्सेट हे फोलिक-विरोधी औषध या कॅन्सरवर वापरून पाहायचं त्यांच्या मनात होतं.

१९५६ च्या ऑगस्टमध्ये फुप्फुसं गाठींनी भरलेली एक तरुण स्त्री त्यांच्यापुढे आली. खोकल्यातून रक्त पडत होतं. मेथोट्रेक्सेटचे काही कोर्स झाल्यावर तिच्या छातीचा एक्स-रे स्वच्छ झाला. इथे दुसरा कोणीही डॉक्टर थांबला असता. ली थांबले नाहीत, कारण त्यांच्याकडे एक्स-रेपेक्षा बारीक मोजमाप होतं. वारेच्या पेशी एक संप्रेरक सोडतात. गरोदरपणाची घरगुती पट्टी आज तेच शोधते. त्या काळी रुग्णाची लघवी आटवून कोवळ्या उंदरींना टोचत आणि त्यांच्या गर्भाशयाचं वजन किती वाढलं त्यावरून संप्रेरकाचा अंदाज बांधत. एक्स-रे स्वच्छ झाला तरी हा आकडा शून्यावर आलेला नसे. आकडा आहे म्हणजे कुठेतरी पेशी आहेत, असं ली यांचं म्हणणं. त्यामुळे दिसायला ठणठणीत असलेल्या बायकांनाही ते औषध देत राहिले. संस्थेतल्या वरिष्ठांना हे रुग्णांवर विनाकारण विषप्रयोग केल्यासारखं वाटलं आणि १९५७ मध्ये ली यांना नोकरी सोडावी लागली.

काळाने ली यांना खरं ठरवलं. ज्यांचं औषध आकडा शून्यावर येण्याआधी थांबलं होतं त्यांच्यात कॅन्सर परतला, आणि ज्यांचं शून्यापर्यंत नेलं होतं त्या जगल्या. शरीरभर पसरलेला गाठीचा कॅन्सर केवळ औषधाने कायमचा बरा झाल्याचं हे पहिलं उदाहरण. १९७२ मध्ये ली आणि हर्ट्झ या दोघांनाही लास्कर पुरस्काराने गौरवण्यात आलं. आज या रोगाच्या कमी धोक्याच्या जवळजवळ सर्व रुग्ण बऱ्या होतात आणि गर्भाशय शाबूत राहिल्याने त्यांतल्या अनेकींना पुढे निरोगी मुलंही होतात.

वारेचा कॅन्सर हा गर्भारपणातूनच जन्मलेला. पण पोटात जिवंत बाळ वाढत असताना आईच्या स्तनात, गर्भाशयाच्या मुखाशी किंवा रक्तात कॅन्सर निघाला तर? हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. साधारण हजार गर्भारपणांत एखाद्या वेळी असं होतं. त्यातही स्तनाचा कॅन्सर पुढे. अशा बाईची बाजू विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फार थोड्या डॉक्टरांनी घेतली. १९३७ मध्ये मेयो क्लिनिकच्या स्टुअर्ट हॅरिंग्टन यांनी दाखवलं होतं की काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेला नसेल तर गरोदर बायकाही शस्त्रक्रियेनंतर चांगल्या जगतात. पण १९४३ मध्ये न्यूयॉर्कचे नामांकित शल्यविशारद कुशमन हागेन्सेन आणि आर्थर स्टाउट यांनी कोणत्या रुग्णावर शस्त्रक्रिया करू नये याची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना एकगठ्ठा बसवलं. त्यांचा कॅन्सर इतका आक्रमक की चाकू लावण्यात अर्थ नाही, असा तो निवाडा. गरोदरपणात स्तन वाढवणारी संप्रेरकं गाठीलाही खतपाणी घालतात, ही त्यामागची समजूत. त्यातूनच मग ‘आधी गर्भपात करा, मग पाहू’ ही रीत रुळली.

हा निवाडा पुसायला वीस वर्षं लागली, आणि तो पुसला तो जुनी कागदपत्रं चाळून. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या आर्थर होलेब आणि जोसेफ फॅरो यांनी गर्भारपणाशी संबंधित स्तनाच्या कॅन्सरच्या २८३ रुग्णांची नोंद तपासली. गर्भपात केल्याने आईचं आयुष्य वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. टोरांटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स त्याच काळात अशा रुग्णांचा अभ्यास करत होत्या. त्यांच्या आणि नंतरच्या कामांतून कळलं ते असं, की त्याच वयाच्या आणि रोगाच्या त्याच टप्प्यावरच्या इतर बायकांशी तुलना केली तर गरोदर बायकांची स्थिती फारशी वेगळी नसते. त्या जास्त मरत होत्या कारण त्या उशिरा येत होत्या. भरलेल्या, जड झालेल्या स्तनात गाठ हाताला लागत नव्हती, आणि लागली तरी तिची दखल घेतली जात नव्हती.

गर्भपात हा बाईचा हक्क आहे, आणि आपल्याकडे १९७१ चा कायदा विशिष्ट परिस्थितीत तशी मुभा देतो. पण तो कॅन्सरवरचा इलाज नव्हे, हे या कामांमुळे स्पष्ट झालं. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय आणि रोगावर काय करायचं हा निर्णय, हे दोन वेगळे झाले.

शस्त्रक्रियेचं दार असं किलकिलं झालं, तरी औषधाचं बंदच होतं. उलट ते जास्त घट्ट झालं. १९५६ पासून ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट सांगत होत्या की गरोदर आईच्या पोटाचा एक्स-रे काढला तर मुलाला पुढे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. १९६१ मध्ये थॅलिडोमाइडचं प्रकरण बाहेर आलं आणि हातपाय नसलेल्या बाळांची छायाचित्रं जगभर पोचली. त्यानंतर गरोदर बाईला साधी गोळी लिहून देतानाही डॉक्टरचा हात थरथरू लागला. केमोचं तर नावच नको. ल्युकेमिया झालेल्या बाईला थांबायला मात्र वेळ नसे. तिला औषध दिलं नाही तर काही आठवड्यांत आई आणि बाळ दोघंही जात. म्हणून ज्या थोड्या बायकांना गरोदरपणी केमो मिळाली, त्या बहुतेक रक्ताच्या कॅन्सरच्या होत्या, आणि त्यांच्या एकेकट्या हकिगती नियतकालिकांत विखरून पडल्या होत्या.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले डोनाल्ड डॉल आणि त्यांचे सहकारी यांनी त्या हकिगती एकत्र केल्या. पहिल्या तीन महिन्यांत एकच औषध दिलेल्या गर्भांपैकी साधारण १७ टक्क्यांत व्यंग आढळलं. हा आकडा धडकी भरवणारा. मग त्यांनी फोलिक-विरोधी औषधं आणि सोबत दिलेला किरणोपचार असलेल्या केसेस बाजूला काढल्या. उरलेल्यांत प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. तिसरा महिना उलटल्यानंतरच्या केमोत तर ते एक-दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे साध्या गर्भारपणातल्या व्यंगांपेक्षा जास्त नव्हतं. १९५२ पासून साऱ्या केमोथेरपीवर पडलेली सावली मुख्यतः एका घराण्याच्या औषधांची होती, हे असं पस्तीसेक वर्षांनी उमगलं.

याचं कारण गर्भाच्या घडणीत आहे. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात हृदय, मज्जारज्जू, हातपाय, चेहरा यांची रचना होते. तेव्हाचा अडथळा म्हणजे रचनेतली चूक. बारा-चौदा आठवड्यांनंतर बहुतेक अवयव घडलेले असतात आणि ते फक्त मोठे होत असतात. अपवाद मेंदूचा, जो शेवटपर्यंत घडत राहतो. म्हणून ‘गरोदर बाईला केमो चालते का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कितवा आठवडा आणि कोणतं औषध, हे आधी विचारावं लागतं.

या हिशेबावर भिस्त ठेवून ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरने १९८९ मध्ये एक पद्धत आखली. स्तनाचा कॅन्सर असलेल्या गरोदर बायकांना पहिले तीन महिने सोडून, मेथोट्रेक्सेट वगळून, इतर तीन औषधांची केमो द्यायची. बाळंतपणाच्या काही आठवडे आधी ती थांबवायची, नाहीतर पांढऱ्या पेशी कमी असतानाच कळा सुरू व्हायच्या आणि जंतुसंसर्गाची भीती. १९९९ मध्ये पहिल्या २४ बायकांचा अहवाल आला. एकाही गर्भाचा मृत्यू झाला नव्हता. २००६ पर्यंत ही संख्या ५७ झाली.

मेक्सिको सिटीचे डॉ. अगुस्तिन आविलेस यांनी वेगळीच चिकाटी दाखवली. रक्ताच्या कॅन्सरच्या ज्या बायकांना त्यांनी गरोदरपणी केमो दिली होती, त्यांच्या मुलांना ते वर्षानुवर्षं तपासत राहिले. शाळेत कशी आहेत, वाढ कशी आहे, रक्त कसं आहे. २००१ मध्ये त्यांनी ८४ मुलांचा हिशेब मांडला, तेव्हा सरासरी १८-१९ वर्षांचा पाठपुरावा झाला होता आणि त्या मुलांनाही १२ मुलं झाली होती.

एक मोठी शंका उरली होती. औषध आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं किती? गरोदर बायकांवर हे मोजणं शक्य नाही. बेल्जियममधल्या लूव्हनचे डॉ. फ्रेडरिक आमां आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टेल व्हान काल्स्टेरेन यांच्या गटाने ते केनियात, बबून माकडिणींवर मोजलं. आईच्या रक्तातल्या डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाच्या साधारण साडेसात टक्केच बाळात उतरत होतं आणि पॅक्लिटॅक्सेल तर दीड टक्क्याच्या आत. कार्बोप्लॅटिन मात्र निम्म्याहून जास्त पलीकडे जात होतं. वार काही औषधं उलट ढकलते, काहींना सोडते. हे कळल्यावर औषधं निवडणं अंधारात चाचपडण्यासारखं राहिलं नाही.

त्याच गटाने २००५ पासून अनेक देशांतल्या रुग्णांची नोंद ठेवली आणि २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १२९ मुलांची तुलना तितक्याच इतर मुलांशी छापली. यांतल्या ९६ बाळांच्या आयांनी पोटुशी असताना केमो घेतली होती. मुलांच्या बुद्धीत आणि हृदयात केमोमुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. फरक दिसला तो दुसऱ्याच गोष्टीने. बाळ जितकं आधी जन्मलं तितके त्याचे बौद्धिक चाचणीतले गुण कमी, आणि गर्भात काढलेल्या प्रत्येक जास्तीच्या आठवड्यामागे सरासरी २.९ गुण जास्त. तोवर डॉक्टर काय करत? केमोच्या धास्तीने बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यातच बाळ बाहेर काढत, म्हणजे आईला मोकळेपणाने औषध देता येईल. बाळाला वाचवण्यासाठी उचललेलं पाऊल बाळालाच नडत होतं. आता कल असा, की पोटात असतानाच केमो द्यायची आणि दिवस भरत येईपर्यंत थांबायचं.

सगळं सुटलं असं नाही. मेथोट्रेक्सेट गर्भारपणात आजही वर्ज्य आहे, आणि त्याच गुणामुळे गर्भाशयाबाहेर अंडनलिकेत रुजलेला गर्भ विरघळवण्यासाठी तेच वापरलं जातं. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब दिलं तर गर्भजल आटतं, म्हणून ते बाळंतपणानंतर. पोटाखालचा किरणोपचारही तेव्हाच. गर्भाशयमुखाचा कॅन्सर पहिल्या महिन्यांत निघाला तर निर्णय फार अवघड होतो, आणि तिथे बाई, तिचं कुटुंब, कॅन्सरतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि नवजात शिशूंचे डॉक्टर यांना एकत्र बसूनच मार्ग काढावा लागतो. या इतिहासातून डॉक्टरांना एवढं मात्र कळलं की ‘आई की बाळ’ असा सवाल टाकण्याआधी आठवडे मोजावेत. बऱ्याचदा मग तो सवालच उरत नाही.

सर्वांत जुनी अडचण मात्र दवाखान्याच्या बाहेर आहे. १९४३ मध्ये ‘शस्त्रक्रिया नको’च्या यादीत बसवलेल्या बायकांचा दोष उशिरा येण्याचा होता, आणि तो उशीर आजही होतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला गाठ लागली की घरची मोठी बाई म्हणते, दूध साचलं असेल, शेक दे. कधी डॉक्टरही तेच म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण दोन आठवड्यांत न विरघळलेल्या गाठीची सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला तुकडा, या दोन्ही तपासण्या पोटात बाळ असताना निर्धोक करता येतात. ह्यूस्टन आणि लूव्हनच्या डॉक्टरांनी मिळवलेल्या आठवड्यांचा उपयोग त्याच बाईला होतो, जी वेळेत तपासायला येते.